फेरेन्त्स पुश्काश : निर्वासित कर्णधाराची दुसरी कारकीर्द

फेरेन्त्स पुश्काश (1927–2006) या हंगेरियन फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचे दोन स्वतंत्र भाग पडतात. पहिला बुडापेस्टमधला. त्यात तो देशाच्या संघाचा कर्णधार होता आणि हंगेरीसाठी त्याने 85 सामन्यांत 84 गोल केले. दुसरा माद्रिदमधला. त्यात रेआल माद्रिदसाठी त्याने 262 सामन्यांत 242 गोल केले. या दोहोंच्या मध्ये सुमारे दीड वर्षाचा काळ असा गेला की त्याला देश नव्हता, क्लब नव्हता आणि अधिकृत सामना खेळण्याची परवानगीही नव्हती. आघाडीला खेळणाऱ्यांची उतरण ज्या वयात सुरू होते त्या वयात, एकतिसाव्या वर्षी, परक्या भाषेत आणि दुसऱ्या खेळाडूच्या छायेत त्याने पुन्हा सुरुवात केली. कर्णधारपदाची सवय असलेल्या या माणसाने नव्या देशात दुसरे स्थान मनापासून स्वीकारले. दुसरी कारकीर्द पहिलीच्या तोलाची झाली ती यामुळेच. परदेशी जाऊन खेळणाऱ्या फुटबॉलपटूंच्या इतिहासात त्याचे स्थान म्हणून वेगळे आहे.

किश्पेश्त आणि होन्वेद

पुश्काशचा जन्म एप्रिल 1927 मध्ये बुडापेस्टमध्ये झाला. घराणे जर्मन वंशाचे, आडनाव पुर्त्सेल्ड. 1937 मध्ये कुटुंबाने पुश्काश हे हंगेरियन आडनाव घेतले. शहराच्या कडेच्या किश्पेश्त या कामगारवस्तीत त्याचे बालपण गेले. वडील तेथील किश्पेश्त क्लबसाठी खेळत आणि पुढे त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. शेजारी राहणारा योझेफ बोझिक हा त्याचा लहानपणापासूनचा सवंगडी. पुढे राष्ट्रीय संघाच्या मधल्या फळीतून पुश्काशला सर्वाधिक पास याच बोझिकने पुरवले. गल्लीत जुळलेली ही जोडी दोघांनी मिळून थेट वेंब्लीपर्यंत नेली.

महायुद्ध चालू असतानाच, 1943 मध्ये, सोळा वर्षांचा पुश्काश किश्पेश्तच्या पहिल्या संघात आला. ऑगस्ट 1945 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध तो पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि त्यात त्याने गोलही केला. तो बुटका, जाड बांध्याचा आणि जवळजवळ पूर्णपणे डाव्या पायाचा खेळाडू होता. उजवा पाय तो क्वचितच वापरी आणि डोक्याने फार थोडे खेळे. मात्र त्या डाव्या पायाच्या फटक्यात जोर आणि अचूकपणा दोन्ही होते. चेंडू पायाशी येण्याआधीच आजूबाजूला कोण कोठे उभे आहे हे त्याने टिपलेले असे.

1949 मध्ये हंगेरीच्या साम्यवादी राजवटीने मोठे क्लब सरकारी खात्यांच्या ताब्यात दिले. किश्पेश्त संरक्षण मंत्रालयाकडे गेला आणि त्याचे नाव होन्वेद झाले. खेळाडूंना सैन्यात हुद्दे मिळाले. कागदोपत्री ते हौशी खेळाडू, वेतन मात्र सैनिकाचे, अशी ही व्यवस्था होती. पुश्काश मेजर झाला आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी पुढे त्याला ‘दौडणारा मेजर’ हे टोपणनाव दिले. सैन्यात भरती करण्याच्या अधिकाराच्या बळावर होन्वेदने इतर क्लबांतून शांडोर कोचिश, झोल्तान चिबोर आणि गोलरक्षक ग्युला ग्रोशिच यांना आणले. देशातले उत्तम खेळाडू आठवडाभर एकाच मैदानावर सराव करू लागले आणि राष्ट्रीय संघाची अर्धी बांधणी क्लबातच होऊ लागली. 1949-50 ते 1955 या काळात होन्वेदने राष्ट्रीय साखळी पाच वेळा जिंकली.

सुवर्णसंघ

राष्ट्रीय प्रशिक्षक गुस्ताव शेबेश याने या सामग्रीतून जो संघ घडवला तो हंगेरीत सुवर्णसंघ म्हणून ओळखला जातो. त्या काळी सेंटर फॉरवर्ड सर्वांत पुढे उभा राही आणि प्रतिपक्षाचा मधला बचावपटू त्याच्या मागावर असे. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेगकुती मात्र मुद्दाम मागे राही. बचावपटू त्याच्या मागे गेला तर मधली जागा मोकळी पडे, न गेला तर हिदेगकुतीला चेंडू खेळवायला वेळ मिळे. त्या मोकळ्या जागेत डावीकडून पुश्काश आणि उजवीकडून कोचिश घुसत. बहुतेक संघांना या पेचावर उत्तर सापडत नव्हते.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला 2-0 असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुश्काशने त्या सामन्यात एक पेनल्टी वाया घालवली आणि नंतर गोलही केला. याच स्पर्धेच्या सुरुवातीला याच युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असे हरवले होते. त्या काळचे भारतीय फुटबॉल आणि युरोपातले अव्वल फुटबॉल यांच्यातले अंतर या दोन निकालांवरून ध्यानात येते.

25 नोव्हेंबर 1953 रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर हंगेरीने इंग्लंडला 6-3 असे हरवले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडचा स्वदेशी झालेला हा पहिला पराभव. हिदेगकुतीने तीन, पुश्काशने दोन आणि बोझिकने एक गोल केला. पुश्काशच्या पहिल्या गोलाच्या वेळी इंग्लंडचा कर्णधार बिली राइट चेंडू हिसकावण्यासाठी घसरत आला. पुश्काशने डाव्या तळव्याने चेंडू मागे ओढला, राइट रिकाम्या जागेतून पुढे निघून गेला आणि पुढच्याच क्षणी चेंडू जवळच्या खांबालगत जाळ्यात होता. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये इंग्लंडचा 7-1 असा आणखी मोठा पराभव झाला.

1950 च्या मध्यापासून अपराजित राहिलेला हा संघ 1954 च्या स्वित्झर्लंडमधील विश्वचषकात अर्थातच विजेतेपदाचा पहिला दावेदार होता. गटात त्याने दक्षिण कोरियाला 9-0 आणि पश्चिम जर्मनीला 8-3 असे हरवले. जर्मनीविरुद्धच्या सामन्यात वेर्नर लीब्रिखच्या धडकेने पुश्काशच्या घोट्याला दुखापत झाली. ब्राझील आणि उरुग्वे यांच्याविरुद्धचे सामने तो खेळू शकला नाही. दोन्ही सामने हंगेरीने 4-2 असे जिंकले. 4 जुलै रोजी बर्नमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा पश्चिम जर्मनीच समोर आली. घोटा पूर्ण बरा नसताना पुश्काश उतरला आणि सहाव्या मिनिटाला त्याने गोल केला. दोनच मिनिटांनी चिबोरने दुसरा केला. जर्मनीने अठराव्या मिनिटापर्यंत बरोबरी साधली आणि 84 व्या मिनिटाला हेल्मुट रानने तिसरा गोल केला. शेवटच्या क्षणी पुश्काशने चेंडू पुन्हा जाळ्यात धाडला, पण लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा उंचावला आणि सामना 3-2 असा संपला. चार वर्षांत हंगेरी एकच सामना हरली, आणि तो नेमका विश्वचषकाचा अंतिम सामना ठरला.

1956 : घर सुटले

23 ऑक्टोबर 1956 रोजी बुडापेस्टमध्ये साम्यवादी राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडायला घेतला. उठावानंतर सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून गेले. पुश्काश लढाईत मारला गेल्याच्या बातम्याही काही परदेशी वृत्तपत्रांनी दिल्या. प्रत्यक्षात होन्वेदचा संघ क्लबांच्या युरोपियन चषकातल्या अथलेटिक बिल्बाओविरुद्धच्या लढतीसाठी देशाबाहेर होता. 22 नोव्हेंबरला बिल्बाओमध्ये होन्वेद 2-3 अशी हरली. परतीचा सामना बुडापेस्टमध्ये घेणे अशक्य होते, म्हणून तो 20 डिसेंबरला ब्रसेल्समध्ये झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. होन्वेदचा गोलरक्षक जखमी झाल्यावर चिबोरसारख्या विंगरला गोलात उभे राहावे लागले. सामना 3-3 असा बरोबरीत सुटला आणि होन्वेद स्पर्धेबाहेर गेली.

पुश्काशची पत्नी एर्झेबेत आणि लहान मुलगी आनिको तोवर सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आल्या होत्या. संघाने मायदेशी परतण्याऐवजी दक्षिण अमेरिकेचा दौरा ठरवला. व्यवस्थापक एमिल ओस्ट्रायखर आणि प्रशिक्षक बेला गुटमान यांच्यासह खेळाडू 1957 च्या आरंभी ब्राझीलला गेले आणि फ्लामेंगो, बोताफोगो यांच्याशी खेळले. हंगेरियन महासंघाने दौऱ्याला विरोध केला आणि फिफाने तो बेकायदा ठरवला. दौरा संपल्यावर प्रत्येकाला आपापला निर्णय घ्यावा लागला. बोझिक बुडापेस्टला परतला आणि हंगेरीकडून एकूण 101 सामने खेळला. पुश्काश, कोचिश आणि चिबोर परतले नाहीत. बालपणापासूनची जोडी अशी फुटली.

पुश्काशवर फिफाची बंदी आली. हंगेरीत तो सैन्य सोडून पळालेला अधिकारी ठरला. बंदीचा काळ त्याने ऑस्ट्रियात आणि इटलीत काढला. सराव नाही, सामने नाहीत. मुळातच जड असलेल्या त्याच्या शरीरावर सुमारे अठरा किलो वजन चढले. तिशी ओलांडलेल्या, स्थूल आणि दीड वर्ष न खेळलेल्या खेळाडूवर पैसा लावायला इटलीतले क्लब तयार नव्हते.

माद्रिद

मार्ग निघाला तो ओस्ट्रायखरमुळे. होन्वेदचा हा जुना व्यवस्थापक आता रेआल माद्रिदच्या नोकरीत होता. क्लबचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेउ यांना त्याने पुश्काशचे नाव सुचवले. स्पेनमध्ये हंगेरियन निर्वासितांसाठी वाटही आधीच पडलेली होती. 1949 मध्ये हंगेरीतून निसटलेला लास्लो कुबाला बार्सेलोनात लोकप्रिय झाला होता, आणि साम्यवादी देशांतून आलेल्यांचे स्वागत करणे हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीला राजकीयदृष्ट्याही सोयीचे होते. 1958 च्या उन्हाळ्यात बंदी उठली आणि पुश्काशने रेआलशी करार केला.

रेआलने तोवर युरोपियन चषक लागोपाठ तीनदा जिंकला होता. संघाचा मध्यबिंदू अर्जेंटिनाचा आल्फ्रेदो दि स्तेफानो होता. तो मागे येऊन बचाव करी, मधल्या फळीत चेंडू वाटी आणि पुढे जाऊन गोलही करी. संघाची प्रत्येक चाल त्याच्याकडून सुरू होई आणि मैदानावरच्या इतरांवर त्याची सत्ता चाले. सत्ता गाजवण्याची पुश्काशलाही सवय होती. त्याच्यापुढे दोन मार्ग होते : दि स्तेफानोशी स्पर्धा करणे किंवा त्याच्या खेळातल्या रिकाम्या जागा भरणे. त्याने दुसरा मार्ग घेतला. कडक आहार आणि सराव करून त्याने वजन उतरवले आणि आपला खेळ बदलला. होन्वेदमध्ये तो मैदानभर फिरून चाली रचत असे. माद्रिदमध्ये ते काम त्याने दि स्तेफानोवर सोपवले, धाव कमी केली आणि पेनल्टी क्षेत्राच्या आसपास डावीकडे जागा धरली. डाव्या विंगवर फ्रांसिस्को हेंतो विजेच्या वेगाने धावे. पुश्काश त्याच्यापुढे लांब पास टाकी, आणि हेंतोने आत पाठवलेला चेंडू गोलात धाडण्यासाठी हजर राही. हट्टी दि स्तेफानोला असा सहकारी हवाच होता. दोघांची मैत्री जुळली आणि ती आयुष्यभर टिकली. स्पॅनिश प्रेक्षकांनी नवख्याला ‘पांचो’ हे लाडके नाव दिले.

पहिल्याच हंगामात त्याने साखळीत 21 गोल केले. युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत अथलेटिको माद्रिदविरुद्धची लढत बरोबरीत सुटली, तेव्हा सारागोसात झालेल्या निर्णायक सामन्यातला विजयी गोल पुश्काशचा होता. 1959 चा अंतिम सामना तो खेळला नाही. रेआलने तो जिंकला.

ग्लासगो आणि आम्स्टर्डॅम

1959-60 हा त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीचा कळस. युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत रेआलची गाठ बार्सेलोनाशी पडली. कुबाला, कोचिश आणि चिबोर हे तिघेही तेव्हा त्या क्लबचे खेळाडू होते. रेआलने दोन्ही सामने 3-1 असे जिंकले आणि त्यांत पुश्काशचे तीन गोल होते. अंतिम फेरीत आयन्ट्राख्ट फ्रांकफुर्ट आला. त्याने ग्लासगोच्या रेंजर्सचा दोन सामन्यांत मिळून 12-4 असा धुव्वा उडवला होता.

या सामन्याआड 1954 ची जुनी कटुता उभी राहिली. बर्नच्या अंतिम सामन्यानंतर पुश्काशने जर्मन खेळाडूंवर उत्तेजक द्रव्ये घेतल्याचा आरोप केला होता, आणि जर्मन महासंघाने तो असलेल्या संघाशी खेळण्यास आपल्या क्लबांना मनाई केली होती. पुश्काशने लेखी माफी मागितल्यावर ही अडचण दूर झाली.

18 मे 1960 रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक जमले. पहिला गोल फ्रांकफुर्टचा झाला. त्यानंतर दि स्तेफानोने दोन गोल केले आणि मध्यंतराच्या तोंडावर पुश्काशने अगदी चिंचोळ्या कोनातून तिसरा. उत्तरार्धात पेनल्टीसह त्याचे आणखी तीन गोल झाले. सामना रेआलने 7-3 असा जिंकला. पुश्काशचे चार, दि स्तेफानोचे तीन. युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूने चार गोल करण्याची दुसरी घटना आजवर घडलेली नाही. त्या स्पर्धेत पुश्काशचे एकूण 12 गोल झाले. पुढे पहिल्या आंतरखंडीय चषकात रेआलने उरुग्वेच्या पेन्यारोलला माद्रिदमध्ये 5-1 असे हरवले, त्यातही त्याचे दोन गोल होते.

1961 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल नव्हते. बर्नच्या ज्या मैदानावर हंगेरी हरली होती त्याच मैदानावर बार्सेलोना पोर्तुगालच्या बेनफिकाकडून हरली, तीही 3-2 अशीच. बार्सेलोनाचे दोन्ही गोल कोचिश आणि चिबोर यांनी केले. बेनफिकाचा प्रशिक्षक होता होन्वेदच्या दौऱ्यावरचा बेला गुटमान. पुढच्या वर्षी आम्स्टर्डॅमला गुटमानचा हाच संघ रेआलसमोर आला. पूर्वार्धात पुश्काशने तीन गोल करून रेआलला 3-2 अशी आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धात मोझांबिकहून आलेल्या वीस वर्षांच्या युसेबियोने दोन गोल केले आणि बेनफिकाने सामना 5-3 असा जिंकला. सामना संपल्यावर पुश्काशने आपली जर्सी युसेबियोला दिली. दोन अंतिम सामन्यांत तीन किंवा अधिक गोल करूनही त्यांतला एक हरणारा खेळाडू म्हणून या रात्रीचा त्याचा खेळ ग्लासगोइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्पेनमध्ये रेआलने 1961 ते 1965 अशी सलग पाच वेळा साखळी जिंकली. साखळीतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून पुश्काश चार वेळा पुढे आला : 1960, 1961, 1963 आणि 1964. 1962 मध्ये स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात सेव्हियाविरुद्धच्या 2-1 या विजयातले दोन्ही गोल त्याचे होते. सप्टेंबर 1965 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, त्याने फेयेनूर्दविरुद्ध एकाच युरोपियन सामन्यात चार गोल केले. त्या हंगामाच्या शेवटी रेआलने सहावा युरोपियन चषक जिंकला आणि पुश्काश निवृत्त झाला.

दुसऱ्या देशाचा गणवेश

त्या काळच्या नियमांनुसार नागरिकत्व बदललेला खेळाडू नव्या देशाकडून खेळू शकत असे. स्पॅनिश नागरिकत्व मिळाल्यावर पुश्काश 1961-62 मध्ये स्पेनकडून चार सामने खेळला. त्यांतले तीन 1962 च्या चिलीतील विश्वचषकातले. या संघात उरुग्वेकडून 1954 चा उपांत्य सामना हंगेरीविरुद्ध खेळलेला होसे सांतामारियाही होता. स्पेन चेकोस्लोव्हाकिया आणि ब्राझील यांच्याकडून हरला, मेक्सिकोविरुद्ध जिंकला आणि गटातच बाद झाला. चार सामन्यांत पुश्काशचा एकही गोल नाही. क्लबमध्ये वर्षानुवर्षांच्या सहवासाने जमलेला मेळ राष्ट्रीय संघात काही आठवड्यांत जमवता आला नाही. पुढे फिफाने अशा दुहेरी प्रतिनिधित्वावर कडक निर्बंध घातले.

प्रशिक्षक

निवृत्तीनंतर मायदेशी जाण्याचा मार्ग बंदच होता. पुढची पंचवीस वर्षे पुश्काश प्रशिक्षक म्हणून देशोदेशी फिरला : स्पेन, अमेरिका, कॅनडा, ग्रीस, चिली, सौदी अरेबिया, इजिप्त, पॅराग्वे, ऑस्ट्रेलिया. यांतला सर्वांत मोठा पराक्रम ग्रीसमधला. अथेन्सच्या पानाथिनाइकोसला त्याने 1971 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत नेले. वाटेत त्यांनी इंग्लंडच्या एव्हर्टनला बाहेर काढले आणि उपांत्य फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारकडून 4-1 असे हरल्यावर घरी 3-0 असा विजय मिळवून अंतिम फेरी गाठली. ग्रीक क्लबाने ही मजल तोवर मारली नव्हती, पुढेही मारलेली नाही. अंतिम सामना वेंब्लीवर झाला. तेथे योहान क्रायफच्या आयाक्सने त्यांना 2-0 असे हरवले.

1989 ते 1992 या काळात त्याने ग्रीक स्थलांतरितांनी उभ्या केलेल्या साउथ मेलबर्न हेलास या क्लबला शिकवले. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण अथेन्समध्ये शिकलेली ग्रीक भाषा येथे कामी आली. कर्णधार आंजे पोस्टेकोग्लू त्याचे बोलणे इतर खेळाडूंना समजावून सांगे. 1991 मध्ये क्लबने राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद मिळवले. पोस्टेकोग्लू पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाला. आक्रमक खेळावरचा आपला विश्वास पुश्काशच्या सहवासात दृढ झाल्याचे त्याने अनेकदा सांगितले आहे.

हंगेरीत परत

1981 मध्ये पुश्काश पंचवीस वर्षांनी बुडापेस्टला आला आणि जुन्या सोबत्यांबरोबर प्रदर्शनी सामना खेळला. बोझिक 1978 मध्ये आणि कोचिश 1979 मध्ये निवर्तले होते. साम्यवादी राजवट गेल्यावर तो कायमचा हंगेरीत राहायला आला आणि 1993 मध्ये थोड्या काळासाठी राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला. शेवटची वर्षे त्याने अल्झायमरच्या आजारात काढली. 2002 मध्ये, तो हयात असतानाच, बुडापेस्टच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. 17 नोव्हेंबर 2006 रोजी त्याचे निधन झाले. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार होऊन बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात त्याला विसावा देण्यात आला. वर्षातल्या सर्वांत सुंदर गोलासाठी फिफा 2009 पासून जे पारितोषिक देते त्याला त्याचेच नाव आहे. जुन्या स्टेडियमच्या जागी 2019 मध्ये उभे राहिलेले नवे स्टेडियमही पुश्काश अरेना म्हणून ओळखले जाते.

देश सोडताना खेळाडूबरोबर त्याचे कसब येते. ज्या संघात ते कसब फुलले तो संघ येत नाही. चेंडू कोठे येणार हे न सांगता ओळखणारे सोबती, परिचित भाषा, कर्णधाराचा अधिकार, हे सारे मागे राहते. नव्या देशात गेलेले कित्येक गुणी खेळाडू जुन्याच संघाचा शोध घेत राहतात आणि म्हणून अपयशी ठरतात. पुश्काशने डाव्या पायाचे कसब तेवढे जपले आणि बाकी सारे नव्याने शिकून घेतले : खेळण्याची जागा, भाषा, दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली वागण्याची रीत. 85 सामन्यांतल्या 84 गोलांमुळे तो थोर खेळाडू ठरला असताच. एकतिसाव्या वर्षानंतरच्या 242 गोलांनी त्याचे मोठेपण देश आणि संघ बदलल्यावरही टिकणारे होते हे सिद्ध केले.